बुटांवरचा ओला चिखल

प्रथम तिथी आणि जबाबदार. तारखा देत नाही, तिथी देतो, कारण ज्या गावाविषयी हे लेखन आहे ते धरमतरच्या खाडीकाठी आहे आणि खाडी कॅलेंडरवरची तारीख पाळत नाही. वर्ष नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरचे.

वैशाखी पौर्णिमा. गावाच्या बाहेरच्या बांधाला खांड पडली, म्हणजे भरतीच्या धक्क्याने मातीचा बांध फुटून बैलगाडी जाईल एवढे भगदाड पडले. जबाबदार: समुद्र. त्याच्यावर दावा चालत नाही.

वैशाख वद्य पंचमी. अनुदानाचा अर्ज तयार झाला आणि खांडीला हात लावायचा नाही, असे गावाला बजावण्यात आले. जबाबदार: मी.

ज्येष्ठ वद्य षष्ठी. गावाने खांड बुजवली. जबाबदार: गाव, आणि त्यातही एक मनुष्य, ज्याच्या मनात पापाचा लेश नव्हता.

ज्येष्ठ वद्य सप्तमी. पाहणी. जबाबदार: रोह्याच्या एका कल्याण निधीचे तत्कालीन सचिव, आणि पुन्हा मी.

आषाढ शुद्ध पंचमी. नकाराचे पत्र. जबाबदार: सचिव, एकटे.

आषाढी पौर्णिमा. त्या दिवशी जे झाले त्याची जबाबदारी वरील सर्वांवर आहे. कोणाची किती, हे वाचकाने ठरवावे. मी माझ्यापुरते ठरवले आहे.

आषाढ वद्य चतुर्थी. रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी या गावातील एका कचेरीत एका गृहस्थाच्या कानशिलावर लाकडी रूळ मारण्यात आला. जबाबदार: मी. याचा मला खेद नाही आणि तो मी कधी व्यक्तही केलेला नाही.

मी न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो आणि पेणला एका गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर भाड्याची खोली घेऊन राहू लागलो. खाली मूर्ती घासल्या जात आणि वर माझ्या टाइपरायटरवर पांढरी पूड बसे. आयुष्यभर इतरांचे दावे नोंदवले होते, तेव्हा आता ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी लिहावे, असे मी ठरवले. कोणाची बालवाडी असे, कोणाचे वाचनालय, कोणाचे महिला मंडळ. सगळ्यांना मदत हवी असे, पण ती कोणाकडे मागायची आणि कोणत्या शब्दांत मागायची हे ठाऊक नसे. धर्मादाय निधी देणाऱ्या संस्थांच्या नियमावल्या मी मागवून घेई, त्या कायद्याच्या पुस्तकासारख्या वाची आणि त्यांतली एखादी फट शोधून काढी. लहान संस्थेचा अर्ज बहुधा पहिल्याच अटीला अडतो. नोंदणी झाली आहे काय? मागील वर्षांचे अहवाल आहेत काय? ज्यांच्याकडे अहवाल असतात त्यांना मदतीची गरज नसते आणि ज्यांना गरज असते त्यांच्याकडे अहवाल नसतात, ही गोष्ट मी किती निधींच्या विश्वस्तांना कळवली याची गणती नाही. एकानेही उत्तर दिले नाही.

त्या गावाची बाई माझ्याकडे आली ती वैशाखातल्या भर दुपारी. मिठागरावर काम करून तिच्या टाचा चिरल्या होत्या. नवरा वारलेला, बांधाच्या अगदी लगत दोन शेते, तेवढीच मालमत्ता. गावात सगळे तिला काकी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ती मला भाऊसाहेब म्हणे. खांड पडल्याचे तिने सांगितले आणि मग म्हणाली की दर चार-दोन वर्षांनी तोच बांध तिथेच फुटतो. माती घालून घालून गाव थकले. बाहेरच्या अंगाला दगड लागला तरच तो टिकेल, आणि दगड आणण्याची ताकद गावात नाही.

मी नियमावल्यांचा गठ्ठा काढला. रोह्याच्या कारखानदारांनी मिळून काढलेल्या एका कल्याण निधीच्या नियमांत मला हवे ते सापडले. नैसर्गिक आपत्तीच्या प्रसंगी, संस्थेची नोंदणी विचाराधीन असली तरी, अर्जाचा विचार करता येईल. मात्र आपत्तीची प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल. मी त्याच दिवशी गावाची बांध समिती स्थापन केली, काकींना अध्यक्ष केले, नोंदणीचा अर्ज केला आणि अनुदानाच्या मागणीचा मसुदा टाइप करायला बसलो. तो मसुदा उत्तम होता. आजही मी त्यातला एक शब्द बदलणार नाही.

पंचमीला सह्या आणि अंगठे घ्यायला गावात गेलो तेव्हा खांडीपाशी माणसे जमली होती. त्या गावाचा रिवाज असा, की खांड पडली की पुढच्या भांगात, म्हणजे भरतीचे पाणी कमी असते त्या दिवसांत, घरटी एक माणूस बांधावर येतो. बोलावणे नाही, हजेरी नाही, मजुरी नाही. कोण आला आणि कोण नाही हे लिहून ठेवणे तिथे अपमानाचे समजतात. बांबूच्या खुंट्या तासून ठेवल्या होत्या, पेंढ्याचे भारे टाकले होते, आणि काकींचा भाऊ कमरेला पंचा गुंडाळून पाण्याची खोली पाहत उभा होता. बहीण-भाऊ दोघेही त्याच गावचे. ती खालच्या आळीत दिलेली, तो वरच्या आळीत राहणारा. बांधाचे काम त्याच्याइतके कोणाला कळत नसे.

मी त्यांना थांबवले. खांड हा आपला पुरावा आहे, असे मी म्हणालो. पाहणी होईपर्यंत पुरावा जसाच्या तसा राहिला पाहिजे. काकींच्या भावाने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आन् तवर पानी आत येल त्याचा काय?" मी उत्तर दिले की पाहणी आठ दिवसांत होईल. तो पाण्यातून वर आला. मग म्हणाला, "भाऊसाहेब, उघडी खांड म्हंजे गावाचा उघडा आंग. झाकू नका म्हनताव, तर नाय झाकत." आणि माणसे फावडी खांद्यावर टाकून परत गेली.

पाहणी आठ दिवसांत झाली नाही. महिन्याभराने झाली. वैशाख, बांधाची माती वाळून दगडासारखी होण्याचा तो महिना, माझ्या आज्ञेने वाया गेला. मी रोह्याला सहा पत्रे पाठवली, प्रत्येक आधीच्यापेक्षा कडक. इकडे अमावास्येला आणि पौर्णिमेला खारे पाणी काकींच्या शेतांत येऊन जात राहिले आणि गावाने माझा शब्द पाळला. अखेर सचिवांचे कार्ड आले: ज्येष्ठ वद्य सप्तमीच्या सकाळी येत आहोत. मी ते गावाला कळवले. आदल्या दिवशी मी स्वतः जायला हवे होते. गेलो नाही, कारण त्या दिवशी पाहणीला उशीर केल्याबद्दल निधीच्या अध्यक्षांना सातवे पत्र लिहीत होतो. ते पत्र फार लांब झाले.

सप्तमीला सचिवांबरोबर त्यांच्याच जीपमधून गावात शिरलो. सचिव चाळिशीचे, सफारी घातलेले, हसतमुख. वाटेत त्यांनी मला जिते स्टेशनाजवळ थांबून चहा पाजला. बांधावर सगळे गाव धुतलेल्या कपड्यांत उभे होते. काकींच्या हातात पितळी कळशी होती. आणि खांड नव्हती.

तिच्या जागी कोवळा, काळाभोर, ओला बांध होता. बाजूने खुंट्यांची टोके दिसत होती. सचिवांनी इकडेतिकडे पाहिले आणि खांड कुठे आहे, असे विचारले. काकींचा भाऊ पुढे झाला. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मी विसरू शकत नाही.

"आता कुठली, साहेब? काल दोन ओहोटीत बुजवली. तुमी येनार. पावन्याला काय फुटका बांध दावाचा?"

कोणीतरी मागून म्हणाले, "साहेबांच्या पायाला चिखल लागला तं त्याचा काय?" आणि माणसे हसली. सचिवही हसले. मग आम्ही इथे काय नारळ फोडायला आलो काय, असे ते म्हणाले, आणि गाव आणखी हसले, कारण गावाला तो विनोद वाटला.

मी हसलो नाही. इथे मी जे केले ते लिहिणे मला भाग आहे, कारण दुसऱ्याकडून उत्तर मागणाऱ्याने स्वतःचे आधी दिले पाहिजे. त्या मनुष्यावर मी ओरडलो. सगळ्या गावासमोर, पाहुण्यासमोर, त्याच्या बहिणीसमोर. त्याला गाढव म्हणालो. पुरावा बुडवलास, आता दाखवायला काहीच उरले नाही, असे म्हणालो. त्याचे हसू तोंडावर तसेच राहिले, पण त्यातून माणूस निघून गेला. सचिवांनी खिशातून लहान वही काढून काहीतरी टिपले.

मग ते नव्या बांधावरून चालत पलीकडे जायला निघाले. काकी म्हणाल्या, "साहेब, हिकडना या, पाय रुतंल." ते तिकडूनच गेले. तिसऱ्या पावलाला त्यांचे दोन्ही बूट घोट्याच्या वर चिखलात गेले आणि काकींच्या भावाने, ज्याला मी आत्ताच गाढव म्हणालो होतो त्याने, त्यांना काखेत धरून बाहेर ओढले. काकींनी त्यांना दगडावर बसवले आणि कळशीतल्या पाण्याने त्यांचे बूट धुतले, पायांतून न काढता, ओणवे होऊन, बोटांनी कडेचा चिखल काढत. त्या खारेपाटात गोडे पाणी उन्हाळ्यात किती लांबून डोक्यावर आणावे लागते, ते तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. ती कळशी त्यांनी पाहुण्यांच्या पिण्यासाठी आणली होती.

आषाढ शुद्ध पंचमीला पत्र आले. पाहणीत बांध सुस्थितीत आढळला. अर्जदारांनी अस्तित्वात नसलेली खांड दाखवून निधीची फसवणूक करण्याचा प्रयत्न केला. दाखवण्यासारखे काही नसल्याची कबुली अर्जदारांच्या सल्लागारानेच जागेवर दिली. सदर गावाच्या अर्जांबाबत सावधगिरी बाळगावी म्हणून पत्राची प्रत इतर निधींना पाठवण्यात येत आहे आणि एक प्रत कचेरीच्या फलकावर लावण्यात येत आहे.

माझा संताप माझ्याच नावावर कबुली म्हणून नोंदवला गेला होता. तीस-पस्तीस वर्षे मी कबुल्या नोंदवल्या. कबुली कशी घ्यावी आणि कशी घेऊ नये, हे मला कळत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. आणि तरीही मी ती दिली.

आषाढी पौर्णिमेला मी गावात गेलो तो फेरविचाराच्या अर्जावर सह्या घेण्यासाठी. पावसाने शेतातला खार धुऊन निघाला होता, लावणी नुकतीच आटोपली होती आणि काकींची दोन्ही शेते हिरवी दिसत होती. दोन ओहोटीत बुजवलेल्या त्या खांडीने अमावास्येचे उधाण कसेबसे सोसले होते. भर पावसात माती बसत नाही. गावाने वरून भर घातली की रात्रीतून ती खाली उतरे. दुपारच्या भरतीला मी ओसरीवर कागद पसरले होते. आवाज आला तो मला बांध फुटल्याचा वाटलाच नाही. जड सामानाने भरलेला ट्रक गावात शिरावा तसा वाटला.

आम्ही पोहोचलो तेव्हा बुजवलेला भाग खुंट्यांसकट गेला होता आणि दोन्ही बाजूंचा जुना बांधही कडेने कोसळत होता. पाणी तपकिरी, छातीइतके उंच, फेस धरलेले. ते काकींच्या पहिल्या शेतावर आले तेव्हा रोपे वाकली नाहीत, उपटून वर आली आणि पाण्यावर हिरवी साय धरावी तशी फिरू लागली. गोठ्यातून सुटलेली एक म्हैस पाण्यात उलटी झाली. तिचे चारही पाय वर दिसत होते, आणि त्या पायांसकट ती आतल्या बांधावर येऊन आदळत होती, मागे जात होती, पुन्हा आदळत होती. तो आवाज मला अजून येतो.

खालची आळी आणि वरची आळी यांच्यामध्ये तो आतला बांध. तो कापला तर खालचे पाणी वरच्या शेतांत पसरते आणि वरच्या उघाडीतून, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याच्या दारातून, ओहोटीला निघून जाते; खालची रोपे निम्मी तरी वाचतात आणि वरची सगळी खारतात. खालचे लोक फावडी घेऊन आतल्या बांधावर चढले. वरचे आधीच तिथे बांबू घेऊन उभे होते. ही सर्व माणसे एकमेकांच्या लग्नात पंगतीला वाढणारी. महिन्यापूर्वी ती एकाच खांडीपाशी घरटी एक म्हणून उभी होती.

पहिला बांबू कोणी मारला ते मी पाहिले नाही. पाहिले असते तर लिहिले असते. एका माणसाचा खांदा मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्याच्या तोंडातून दात आणि चिखल एकत्र बाहेर आले. कोणी ओरडत नव्हते, फक्त धापा ऐकू येत होत्या. मी मध्ये शिरलो आणि कायद्याचे काहीतरी बोलू लागलो, तोच माझ्या बरगडीत कशाचातरी दांडा बसला आणि मी बांधावरच आडवा झालो. म्हणून पुढचे मी जमिनीवरून पाहिले.

काकी फावडे घेऊन बांध कापत होत्या. त्यांचा भाऊ त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात काहीच नव्हते. तो म्हणाला, "हो बाजूला गो बाय. माझी पोरा काय खातील?"

"आन् माझा गेला तो?" त्या म्हणाल्या. "तूच बुजवलीस ती खांड. पावना येतो म्हनून. माझ्या शेतावर तुझा मान."

तो फावड्याला आडवा बसला, दोन्ही हातांनी पाते धरून. त्यांनी फावडे सोडवण्यासाठी हिसका दिला, ते सुटले, आणि पुढचा घाव त्यांनी मातीवर घातला नाही. मी हे शपथेवर सांगण्यास तयार होतो, परंतु मला कोणी शपथ दिली नाही. पात्याचा कोपरा त्याच्या डाव्या भुवईपासून गालापर्यंत गेला. तो डोळा गेला. त्याने हात तिथे नेला, हाताकडे पाहिले आणि तो म्हणाला, "झाला काय आता?" जसे एखाद्या लहान बहिणीला विचारावे तसे. काकींनी फावडे पाण्यात फेकले आणि त्या त्याच चिखलात बसून त्याच्या डोळ्यावर पदर दाबू लागल्या. मारामारी तिथे थांबली. बांध कापला गेला नाही. खालची शेते गेली, आणि पुढली तीन वर्षे त्यांत दाणा उगवला नाही.

पेणच्या दवाखान्यात त्याने पाय घसरून फावड्यावर पडल्याचे सांगितले. मी त्याच्या खाटेशी बसून त्याला फिर्याद देण्यास सांगितले. बहिणीवर नको, निधीवर, सचिवावर. त्याने उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले. "भाऊसाहेब," तो म्हणाला, "आमाला खोटारडा लिवलाय ना त्यांनी? तेवढा खोडून आना. बाकी काय नको." त्याने मला दुसरे काहीही म्हटले नाही. गाढव म्हटल्याबद्दलही नाही, वैशाख वाया घालवल्याबद्दलही नाही. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहीत नसतो.

चतुर्थीला पट्टा बांधलेल्या बरगडीने मी एसटीने रोह्याला गेलो, पूल ओलांडून अष्टमीतल्या त्या कचेरीत शिरलो. पत्राची प्रत फलकावर टाचलेली होती. सचिवांनी मला खुर्ची दिली. मी घडलेले सांगितले. त्यांनी हळहळ व्यक्त केली. अगदी खरी असेल. मग मी विचारले की पाहणीच्या दिवशी तुम्ही ज्या बांधावर चाललात त्याची माती वाळलेली होती की ओली. ते म्हणाले, अहवालात तसा मुद्दा नाही. काल बुजवली, असे तुमच्या तोंडावर सांगितले गेले की नाही? तोंडी निवेदने आम्ही नोंदवत नाही, ते म्हणाले. माझे मात्र नोंदवले होते. मग मी विचारले, तुमचे बूट कोणी धुतले?

ते किंचित हसले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, फाइलमध्ये बुटांचा उल्लेख नाही."

टेबलावर रेघा मारायचा गोल लाकडी रूळ होता. मी तो उचलला आणि पूर्ण ताकदीने मारला. एकदा कानशिलावर, ते वाकले तेव्हा दुसऱ्यांदा, बोटांवर. त्यांच्या कानातून आलेले रक्त टेबलावरच्या कोणा दुसऱ्याच संस्थेच्या अर्जावर पडले, आणि त्या संस्थेबद्दल मला आजही वाईट वाटते. मग मी रूळ जागेवर ठेवला, खुर्चीत बसलो आणि पोलीस बोलवा म्हणून सांगितले.

पोलिसांनी माझी नोंद केली. अदखलपात्र गुन्हा, दंडाधिकाऱ्यांकडे जायचे की नाही ते फिर्यादीने ठरवायचे. मी घरी आलो आणि समन्सची वाट पाहू लागलो. इतक्या आतुरतेने मी कशाचीच वाट पाहिली नव्हती. समन्स आले असते तर मी गुन्हा कबूल केला असता, पण त्याआधी फिर्यादीची उलटतपासणी माझ्या हक्काची होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, शपथेवर, मी त्यांना एकच प्रश्न विचारणार होतो आणि उत्तर न्यायालयाच्या कागदावर कायमचे उतरले असते. मी मारले ते रागाने, हे खरे आहे. पण त्यानंतर खुर्चीत बसून राहिलो तो या आशेने.

समन्स आले नाही. सचिव दंडाधिकाऱ्यांकडे गेलेच नाहीत. त्यांनी फिर्याद पुढे चालवावी म्हणून मी त्यांना चार पत्रे लिहिली. मारणाऱ्याने मार खाल्लेल्याला असे विनवल्याचे मी तरी दुसरे उदाहरण ऐकलेले नाही. लोकांनी याला त्यांचे मोठेपण म्हटले. माझ्या मते त्यांना तो प्रश्न ठाऊक होता.

त्या गावासाठी मी नंतर आणखी पाच निधींकडे अर्ज केले. प्रत्येकाकडे ती प्रत आधीच पोहोचलेली होती. बांधाला दगड आजतागायत लागलेला नाही. काकी भावाच्या घरी जात नाहीत; भाऊ मात्र दर भाऊबीजेला बहिणीच्या दारात येऊन बसतो. कपाळाला टिळा लावताना त्या त्याच्या उजव्या बाजूलाच पाहतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

म्हणून, सचिव महाशय, आपण निवृत्त झाला असलात तरी रोह्यातच राहता हे मला माहीत आहे, आणि हे लेखन आपल्यापर्यंत पोहोचेल याची तजवीज मी करत आहे. मला क्षमा नको, भरपाई नको, आणि माझ्यावरची फिर्याद आपण आजही चालवलीत तर मी हरकत घेणार नाही. ज्या फलकावर आपण त्या गावाला खोटे ठरवलेत, त्याच फलकावर, आपल्या सहीने, येणाराजाणारा वाचील अशा अक्षरांत एवढेच लिहा: ज्येष्ठ वद्य सप्तमीला त्या बांधावर आपल्या बुटांना लागलेला चिखल ओला होता की नव्हता, आणि तो कोणी धुतला.